मुंबई ते लंडन किती तास? विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ काढायची रीत

घरात कुणाचं तरी परदेशी जायचं ठरलं की पहिला फोन मला येतो. "मुंबई-लंडन किती तास लागतात रे?" तोपर्यंत त्यांनी नेटवर कुठेतरी 'साडेनऊ तास' असं वाचलेलं असतं आणि पुढचं सगळं त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं. मग कुणी तिकिटावरच्या दोन वेळा एकमेकींतून वजा करून आईला सांगतं की साडेचार तासांत पोचाल. कुणी रात्री पाऊणच्या विमानाला बरोबर एक दिवस उशिरा जातं. कुणी गोव्यात पाळोळ्याला राहायचं बुकिंग करून मोपाचं तिकीट काढतं. बेरीज-वजाबाकी सगळ्यांना येते. घोटाळा होतो तो क्रमात: आधी अंतर, मग मार्ग, मग उड्डाणाचा वेळ, मग घड्याळं, आणि सगळ्यात शेवटी घरातून निघायची वेळ. यातली एक पायरी गाळली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

खाली मी मुंबई-लंडन हे उदाहरण घेतलं आहे. हाताने आकडेमोड दाखवायला मुंबई-दिल्ली सोयीचं आहे, म्हणून मधे तेही येईल. तुमची शहरं वेगळी असतील तर आकडे बदला, क्रम मात्र तोच ठेवा.

## सुरू करण्याआधी: एक कागद, चार रकाने

हा हिशोब डोक्यात करू नका. वहीचं एक पान घ्या आणि त्यावर चार रकाने आखा: विमानतळ व टर्मिनल, अंतर, तिथली स्थानिक वेळ, भारतीय वेळ. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. जाताना, येताना, मधल्या थांब्यावर, प्रत्येक ठिकाणची वेळ स्थानिक घड्याळाने लिहायची आणि शेजारी भारतीय घड्याळाने. हा रकाना भरला की निम्म्या चुका आपोआप दिसतात.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीनेच लिहा. 'साडेबारा' लिहिलंत तर आठ दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही की ते दुपारचे की रात्रीचे. 12:30 आणि 00:30 यांत गोंधळ होत नाही.

## टप्पा 1: शहर सोडा, विमानतळ धरा

अंतर शहरांमधलं नसतं, विमानतळांमधलं असतं. एका शहराला दोन-तीन विमानतळ असले की चूक ठरलेलीच. त्यामुळे सगळ्यात आधी तीन अक्षरी कोड लिहून घ्या.

मुंबईचा जुना, सहार-सांताक्रूझचा विमानतळ म्हणजे बीओएम. उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर 2025 पासून प्रवाशांसाठी सुरू झाला, त्याचा कोड एनएमआय. पुणे, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्याला या दोन्हींतला फरक म्हणजे पनवेलनंतर मुंबईच्या रहदारीत शिरायचं की नाही एवढा मोठा आहे. बीओएममध्येही दोन टर्मिनल आहेत: टर्मिनल 1 सांताक्रूझला आणि टर्मिनल 2 सहारला. आतून चालत जाता येत नाही, बाहेर पडून रस्त्यानेच जावं लागतं.

गोव्यात दाबोळी म्हणजे जीओआय, आणि पेडणे तालुक्यातला मोपा म्हणजे जीओएक्स. मोपाहून प्रवासी उड्डाणं जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली. मोरजी-हरमलला जायचं असेल तर मोपा, मडगाव-काणकोणकडे जायचं असेल तर दाबोळी. उलटं केलंत तर विमानात जेवढा वेळ जातो त्याहून जास्त टॅक्सीत जातो, आणि पैसेही तसेच.

लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, लुटन, सिटी आणि साउथएंड असे विमानतळ आहेत. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आणि स्टॅन्स्टेड ईशान्येला. हीथ्रोला उतरून पुढचं स्वस्तातलं विमान स्टॅन्स्टेडहून धरायचं असेल तर मधे अख्खं लंडन पार करायचं आहे हे लक्षात ठेवा. हीथ्रोला आता टर्मिनल 2, 3, 4 आणि 5 चालू आहेत. न्यायला येणाऱ्या मुलीला "हीथ्रोला उतरतोय" एवढंच सांगू नका, टर्मिनलचा आकडाही कळवा.

तपासून घ्या: कागदावर निघायचा कोड, उतरायचा कोड, दोन्हींची टर्मिनल आणि परतीचेही कोड लिहिलेत का? परतीचा विमानतळ वेगळा असू शकतो. स्वस्त भाड्यांमध्ये हे हमखास असतं.

## टप्पा 2: सरळ अंतर काढा

विमानाचं सरळ अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारं कमीत कमी अंतर. रस्त्याचे किंवा रेल्वेचे किलोमीटर इथे उपयोगाचे नाहीत. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली रेल्वेने 1,384 किमी आहे, हवेतून 1,138.

नेटवर ग्रेट सर्कल मॅपर या साइटवर दोन कोड टाकले की अंतर मिळतं. संगणकावर गुगल मॅप्समध्ये उजवं बटण दाबून अंतर मोजायची सोय आहे, तिनेही काम होतं. फक्त टोकं शहराच्या नावावर न ठेवता धावपट्टीवर ठेवा. पण एकदा तरी हाताने करून पाहा. आकडा कुठून येतो हे कळलं की चुकीचा आकडा समोर आल्यावर लगेच खटकतो.

मुंबई विमानतळ: अक्षांश 19.09, रेखांश 72.87. दिल्ली विमानतळ: अक्षांश 28.57, रेखांश 77.10.

1. अक्षांशांतला फरक 9.48. एका अंशाला 111.2 किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर 1,054 किमी.
2. रेखांशांतला फरक 4.23. गुणिले 111.2, म्हणजे 470 किमी. पण हे विषुववृत्तावरचं माप झालं. उत्तरेकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात, म्हणून दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या, इथे 23.83 अंशांच्या, कोसाइनने गुणायचं. तो 0.915. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर 430 किमी.
3. आता शाळेतलं पायथागोरस: 1,054 चा वर्ग अधिक 430 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर 1,138 किमी.

फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये कोसाइनचं बटण येतं. तिथे एक सापळा आहे. कॅल्क्युलेटर 'अंश' ऐवजी 'रेडियन' वर असेल तर वरचं उत्तर 1,061 येतं. ते खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ आहे की संशयही येत नाही. उत्तर 1,061 आलं तर आधी ती खूण बदला.

दुसरा सापळा अंश-कलांचा. नकाशावर 19 अंश 5 कला लिहिलेलं असेल तर ते 19.05 नव्हे. कलांना 60 ने भागायचं: 5 भागिले 60 म्हणजे 0.08, म्हणून 19.08.

ही सोपी रीत दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत नीट चालते. मुंबई-नागपूर 683, पुणे-दिल्ली 1,157, मुंबई-दुबई साधारण 1,930. लंडनसारख्या लांबच्या ठिकाणाला ती वापरू नका, तिथे साइटवरचाच आकडा घ्या. मुंबई-हीथ्रो सुमारे 7,210 किमी.

सावध राहा: विमानांच्या जगात तीन मापं फिरतात. 7,210 किमी म्हणजे साधे मैल 4,480 आणि सागरी मैल 3,893. एका साइटवर मैल, दुसरीवर सागरी मैल बघून "दोन्हींत एवढा फरक कसा?" असं विचारणारे खूप भेटतात. साधा मैल 1.609 किमीचा, सागरी मैल 1.852 किमीचा. आकड्यापुढचं एकक बघितल्याशिवाय तो कागदावर उतरवू नका.

## टप्पा 3: सरळ रेघ आणि खरा मार्ग

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर काढा. मुंबईवर एक बोट ठेवा, लंडनवर दुसरं, आणि मधे दोरा घट्ट ताणा. दोरा कराचीच्या जवळून बलुचिस्तानात शिरतो, पूर्व इराण ओलांडतो, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागावरून कॉकेशस आणि काळ्या समुद्राच्या ईशान्य किनाऱ्याकडे जातो, मग युक्रेन, पोलंडची दक्षिण बाजू, जर्मनी आणि लंडन. आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवा. ती रेघ बगदादजवळून तुर्कस्तानकडे जाते. लांबचा प्रवास सपाट नकाशावर मोजणारा इथेच फसतो. कमीत कमी अंतराची वाट त्याला उगाच वर वळलेली दिसते आणि पट्टीची रेघ सरळ, म्हणून जवळची वाटते.

पण विमान त्या दोऱ्यावरूनही जात नाही. वाटेत कोणाची हवाई हद्द उघडी आहे यावर खरा मार्ग ठरतो. युक्रेनची हद्द फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी आपली हद्द बंद केली. याआधी 2019 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. मुंबईहून निघणाऱ्या भारतीय विमानाला अशा वेळी आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकावं लागतं. दिल्ली किंवा अमृतसरहून युरोपला जाणाऱ्यांना वळसा आणखी मोठा पडतो, कारण त्यांना आधी दक्षिणेला यावं लागतं. त्याच दोन विमानतळांमधे ब्रिटिश कंपनीचं विमान आणि भारतीय कंपनीचं विमान यांच्या वेळांत फरक दिसला तर त्यामागे बहुधा हे कारण असतं. नेटवरचे जुने लेख बघून वेळ ठरवणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावं: 2018 साली लिहिलेला 'अमुक तास' आज खरा असेलच असं नाही.

वाट उघडी असली तरी विमानतळाजवळचं वळण, वादळाला दिलेली बगल, ठरलेले हवाई मार्ग यांमुळे अंतर वाढतंच. मी सरळ अंतरात 6 टक्के मिळवतो. हद्दी बंद असतील तर 10 किंवा त्याहून जास्त. मुंबई-दिल्लीचे 1,138 चे होतात 1,206, मुंबई-लंडनचे 7,210 चे होतात 7,640.

## टप्पा 4: उड्डाणाचा वेळ

इथे दोन वेगळ्या वेळा आहेत आणि बहुतेक जण त्या एकच समजतात. एक, चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंतचा हवेतला वेळ. दुसरी, विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची, जिला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेली असते ती दुसरी. त्यामुळे "विमान हवेत पावणेदोन तासच होतं, तिकिटावर सव्वादोन का?" या प्रश्नाचं उत्तर धावपट्टीपर्यंतच्या रांगेत आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. म्हणून इथे रांग जमिनीवरही लागते आणि आकाशातही.

हिशोब असा करा:

1. विमान कोणतं ते बघा. एअरबस 320 किंवा बोइंग 737 ताशी सुमारे 830 किमी धरा. बोइंग 787 सारखं लांब पल्ल्याचं मोठं विमान ताशी 900. पंख्याचं एटीआर 72 असेल तर ताशी 500च. लहान शहरांच्या मार्गावर एकाच जोडीला सकाळी जेट आणि संध्याकाळी एटीआर असू शकतं, वेळ बदलते ती त्यामुळे.
2. वाढवलेलं अंतर वेगाने भागा. मुंबई-दिल्ली: 1,206 भागिले 830, म्हणजे 1 तास 27 मिनिटं.
3. चढ-उतार आणि जमिनीवरचं रांगणं यांसाठी 35 ते 40 मिनिटं मिळवा. झाले 2 तास 7 मिनिटं. वेळापत्रकात साधारण 2 तास 10 ते 2 तास 20 मिनिटं दिसतात. गर्दीची वेळ धरून कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात.

लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात वारा मोजावा लागतो. आपल्या उत्तरेला आणि युरोपवर वरच्या थरात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात तर फारच जोराने. लंडनला जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. मी जाताना ताशी 40 किमी वजा करतो, येताना तेवढेच मिळवतो. जाताना 7,640 भागिले 860, अधिक 40 मिनिटं: साडेनऊ तासांच्या आसपास. येताना 7,640 भागिले 940, अधिक 40 मिनिटं: पावणेनऊ तासांच्या थोडं वर. हद्दी बंद असतील तर दोन्हींत भर पडते.

तपासून घ्या: फ्लाइटरडार24 किंवा फ्लाइटअवेअरवर तुमच्या विमानाचा नंबर टाका आणि मागच्या काही दिवसांत ते खरोखर किती तासांत पोचलं ते बघा. तुमचा आकडा आणि तो आकडा यांत अर्ध्या तासाहून जास्त फरक असेल तर टप्पा 1 मध्ये जा. बहुतेक वेळा कोड चुकलेला असतो किंवा विमान मधे कुठेतरी थांबत असतं.

थांबण्यावरून एक सांगायला हवं. 'डायरेक्ट' म्हणजे मधे न थांबणारं विमान, असं आपण धरून चालतो. विमानकंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे नंबर न बदलणारं. ते वाटेत एखाद्या शहरात उतरून पुन्हा उडू शकतं. न थांबणारं हवं असेल तर 'नॉनस्टॉप' हा शब्द शोधा.

## टप्पा 5: दोन घड्याळं एका रेषेत आणा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे सावकाश जा.

तिकिटावरची निघायची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची. उदाहरणादाखल एक वेळ धरू. 10 जानेवारीला मुंबईहून 13:00 ला निघालं, लंडनला 17:30 ला पोचलं. वजाबाकी केली तर साडेचार तास. आता चौथा रकाना भरा. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून लंडनचे 17:30 म्हणजे आपले 23:00. 13:00 ते 23:00, पूर्ण दहा तास.

परतीला उलटं दिसतं. लंडनहून 21:30 ला निघालं, मुंबईला दुसऱ्या दिवशी 12:00 ला. वजाबाकी सांगते साडेचौदा तास. लंडनचे 21:30 म्हणजे आपले पहाटेचे 03:00, तिथून दुपारचे 12:00 म्हणजे नऊ तास.

हे पक्कं करायचे नियम तीनच:

1. दोन्ही वेळा भारतीय वेळेत उतरवा, मगच वजाबाकी करा. पश्चिमेकडच्या देशाची वेळ भारतीय करायची तर तास मिळवायचे, सिंगापूरसारख्या पूर्वेकडच्या देशाची करायची तर वजा करायचे.
2. ऋतू बघा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन आणि युरोप घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. 2026 मध्ये या तारखा 29 मार्च आणि 25 ऑक्टोबर. उन्हाळ्यात लंडन आपल्या मागे साडेचार तासच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येते, म्हणून मार्चमधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला नेहमीचा फरकही बदललेला असतो. दुबई, सिंगापूर आणि आपण घड्याळाला हात लावत नाही.
3. पोचायच्या वेळेशेजारी '+1' लिहिलेलं आहे का ते शोधा. ते बारीक अक्षरांत असतं. त्याचा अर्थ पोचायची तारीख दुसरी आहे. हॉटेलचं बुकिंग, न्यायला येणाऱ्याची सुट्टी, सगळं त्या तारखेचं हवं.

### मध्यरात्रीनंतरचं विमान

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं रात्री बारा ते पाचच्या मधे सुटतात. आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाचीच असते. पंचांगात तर वार सूर्योदयाला बदलतो. तिकिटावर तो 00:00 ला बदलतो. '16 तारीख, 00:45' असं तिकीट असेल तर विमानतळावर 15 तारखेला रात्री साडेनऊ-पावणेदहाला असायचं. 16 च्या रात्री जाल तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.

माझी आई अशा वेळी कॅलेंडरवर 15 च्या चौकोनात 'रात्री जेवून निघायचं' असं लिहायची. 16 च्या चौकोनात काहीच लिहायची नाही. मी आजही घरच्यांना तसंच करायला लावतो: कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, घरातून निघायची तारीख लिहा.

## टप्पा 6: मधला थांबा असेल तर

दुबईमार्गे लंडनचं अंतर बघा: मुंबई-दुबई 1,930, दुबई-हीथ्रो 5,500, एकूण 7,430 किमी. थेट अंतराहून जेमतेम 3 टक्के जास्त. वाट जवळपास तीच आहे, तरी एकूण वेळ तीन-चार तासांनी किंवा त्याहून जास्त वाढतो, कारण विमान दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि मधे तुम्ही बसून राहता. म्हणून थांबा असलेल्या प्रवासात किलोमीटर बघू नका. पहिल्या विमानतळावरून निघाल्यापासून शेवटच्या विमानतळावर पोचेपर्यंतचे तास बघा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी पूर्ण तुमची. माझ्या मामेभावाने नागपूर-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-लंडन दुसरं काढलं होतं, मधे साडेतीन तास. नागपूरचं विमान पावणेदोन तास उशिरा निघालं. सामानाच्या पट्ट्यावर बॅगा येईपर्यंत लंडनच्या विमानाचं काउंटर बंद झालं होतं. दोन्ही कंपन्यांनी हात वर केले आणि नियमाने ते बरोबरच होतं. ऐन वेळी नवं तिकीट काढताना त्याचे जे पैसे गेले त्यात घरच्या आणखी एकाचं लंडनला जाऊन येणं झालं असतं.

वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मधे निदान सहा तास ठेवा. पावसाळ्यात मुंबईहून आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीहून पुढचं विमान धरायचं असेल तर मी आदल्या दिवशीच पोचायला सांगतो.

सावध राहा: परदेशातून परतताना तुम्ही भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, आणि सहसा सामानही तिथेच घेऊन कस्टममधून बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं, तिकीट पुढे नागपूर किंवा पुण्याचं असलं तरी. परतीच्या थांब्याला जातानाच्या थांब्याएवढाच वेळ धरू नका.

## टप्पा 7: घरापासून घरापर्यंत, उलटा हिशोब

आता शेवटापासून मागे यायचं. साताऱ्याच्या आई-बाबांना मुलीकडे लंडनला जायचं आहे, विमान टप्पा 5 मधलंच, दुपारी 13:00 चं.

1. 13:00 ही विमान गेट सोडायची वेळ. गेट 20-25 मिनिटं आधी बंद होतं, काउंटर तासभर किंवा सव्वा तास आधी. नेमकी वेळ तिकिटावर असते, ती कागदावर लिहा.
2. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी, म्हणजे 10:00 ला टर्मिनल 2 च्या दारात.
3. साताऱ्याहून सहार रस्त्याने सुमारे 260 किमी. खंबाटकी आणि खंडाळा हे दोन घाट, पुण्याचं बाहेरचं वळण, आणि सकाळी नऊच्या सुमारास मुंबईत शिरणं. सहा तास धरा. म्हणजे 04:00.
4. वाटेत चहा आणि एखादा अडथळा यांसाठी अर्धा तास. घरातून 03:30 ला निघायचं.
5. पुढची बाजू: हीथ्रोला 17:30. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित गेटं चालत नाहीत, माणसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. इमिग्रेशन आणि सामान मिळून दोन तास धरा, 19:30. मुलीच्या घरी पोचायला एक तास, 20:30. म्हणजे आपले रात्रीचे 02:00.

03:30 ते दुसऱ्या दिवशीचे 02:00. साडेबावीस तास. उड्डाण दहा तासांचं आहे आणि साठी ओलांडलेल्या माणसांना साडेबावीस तास जागेवरून हलत-बसत काढायचे आहेत. मुलं तिकिटाची वेळ बघून "दहाच तास तर आहेत" म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. हा मोठा आकडा आई-बाबांना आधी स्पष्ट सांगा. तो कळला की ते आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम करायचा का, जवळ खाणं किती ठेवायचं, हे स्वतःच नीट ठरवतात.

औषधांचा हिशोबही याच आकड्यावर करायचा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन 'रात्री जेवताना' असेल तर कोणत्या देशाच्या रात्री, हे डॉक्टरांना विचारायला जाताना हा चार रकान्यांचा कागद सोबत न्या. त्यांना दोन घड्याळं शेजारी दिसली की ते लगेच वेळा लिहून देतात. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, खाली द्यायच्या बॅगेत नको. व्हीलचेअर हवी असेल तर निदान 48 तास आधी तिकिटावर नोंदवा आणि परतीच्या प्रवासालाही नोंदवली आहे ना ते बघा. परतीचं विसरतात.

## टप्पा 8: आदल्या संध्याकाळची फेरी

विमान सुटायच्या 24 तास आधी तोच कागद पुन्हा काढा.

1. वेळ बदलली आहे का? तिकीट तीन-चार महिने आधी काढलं असेल तर हे जरूर बघा. वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्या तारखांच्या पुढच्या तिकिटांच्या वेळा सरकतात. कळवल्याचा ईमेल तिकीट काढणाऱ्या एजंटकडे किंवा भाच्याकडे गेलेला असतो, प्रवाशाकडे नाही.
2. टर्मिनल तेच आहे का?
3. विमानाच्या नंबरावरून मागचे तीन-चार दिवस बघा. रोज तासभर उशीर होत असेल तर पलीकडे न्यायला येणाऱ्याला आत्ताच सांगा. तुम्ही तरीही मूळ वेळेनेच निघायचं. काउंटर मूळ वेळेने बंद होऊ शकतं.
4. पोचायची तारीख आणि वेळ पलीकडच्या माणसाला त्याच्या घड्याळाने पाठवा. "उद्या रात्री अकराला" असं नको. "शनिवार 10 जानेवारी, लंडनचे 17:30, हीथ्रो टर्मिनल अमुक, विमान नंबर अमुक" असा निरोप हवा. उत्तरादाखल त्याच्याकडून तीच ओळ परत लिहून मागा.
5. मनगटावरचं घड्याळ विमानात बसेपर्यंत भारतीय वेळेवर ठेवा. फोन आपोआप बदलतो, घड्याळ बदलत नाही, आणि थांब्याच्या विमानतळावर दोन्ही बघून गोंधळ होतो. तिथे फक्त भिंतीवरच्या फलकावरची वेळ खरी.

कागदाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा आणि मूळ कागद पासपोर्टच्या पाकिटात. परतीच्या प्रवासाला हाच कागद लागतो. मधे मार्च किंवा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येऊन गेला असेल तर परतीच्या रकान्यातला साडेपाचचा फरक खोडून साडेचार करा, किंवा उलट.